शनिवारचा ऑनलाइन मराठी वर्ग: वाचन पक्कं, बोलणं कच्चं

परदेशातल्या मुलांसाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीतून चालणारा हा वर्ग तमिळ शाळांच्या धर्तीवर आखलाय. निवड योग्यच. कॅलिफोर्निया तमिळ अकॅडमी १९९८पासून सुरू आहे. तमिळनाडू सरकारनं तर इंटरनेटवरून तमिळ शिकवायला २००१ साली वेगळी संस्थाच काढली.

अक्षरओळख झकास. मुळाक्षरांच्या क्रमानं न जाता आधी ग, म, न, र घेतात. तिसऱ्या तासाला मूल 'मगर', 'नगर', 'गरम' वाचतं. बाराखडीची घोकंपट्टी नाही. तमिळची २४७ अक्षरं ऐकून धडकी भरते, पण १२ स्वर, १८ व्यंजनं आणि एक आयुध अक्षर आलं की उरलेली २१६ नुसत्या जोडण्या. इथंही काना-मात्रा तशाच शिकवतात.

घोडं अडतं जोडाक्षरांत. प्रकाश, सूर्य, राष्ट्र, दुसऱ्या असे 'र'चे चारही अवतार एकाच तासात उरकतात, मग पोरं 'सूर्य'चा रफार 'सू'वर चढवतात. 'चहा' आणि 'चमचा' यांतला च वेगळा, हे कुणी सांगतच नाही. तमिळमध्ये क आणि ग एकाच अक्षरानं लिहितात, पण उच्चार बहुतेक वेळा जागेवरून कळतो. आपला च मात्र कानानंच शिकावा लागतो.

खरी उणीव बोलण्याची. पुस्तकात 'तू काय करत आहेस?' आणि फोनवर कागलची आजी विचारते, 'काय करालाईस रं?' पोरगं गप्प! तमिळचंही तेच: पुस्तकात 'इरुक्किरदु', घरात 'इरुक्कु'. म्हणून तिकडचे जाणते शिक्षक धडा पुस्तकी भाषेत घेतात आणि गप्पा घरच्या बोलीत.

वेळ आपली संध्याकाळी साडेसातची, म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ मागं गेलं की नऊ. लंडनचं त्याआधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. दोन्हीकडच्या पालकांना सूचना आदल्या रात्री येते, हे काय बरोबर नाही.

दुरेघी वहीची पीडीएफ ए-फोर मापाची आहे. अमेरिकेतला लेटर कागद १८ मिलिमीटरनं आखूड, त्यामुळं खालची ओळ कापली जाते. छापताना 'फिट' निवडा.

घरात मराठी कानावर पडत असेल तर पैसे वसूल. वर्गवाल्यांनी पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं एखाद्या आजीला स्क्रीनवर बसवावं, हातात पुस्तक न देता.