पीजी-रिपॅक : टेबल चालू ठेवून फुगवटा काढणारं टूल

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रो (टेबलातली एक ओळ) अपडेट केली की जुनी प्रत तिथेच पडून राहते. व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची सफाई) ती जागा पुन्हा वापरायला मोकळी करतो, पण फाइल सहसा आखडत नाही. त्यामुळे लाखो रो उडवल्या तरी डिस्क जैसे थे, आणि सीक्वेन्शियल स्कॅन (टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणं) अर्धी रिकामी पानं चाळत बसतो. व्हॅक्यूम फुल जागा परत देतो खरा, पण तो संपेपर्यंत त्या टेबलावर साधं सिलेक्टही चालत नाही. पीजी-रिपॅक नेमकं इथे कामाला येतं. फुकट, ओपन सोर्स आणि काम चोख.

ते टेबलावर ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) बसवतं, शेजारी नवी प्रत भरतं, तिच्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधतं, दरम्यान झालेले बदल लॉग टेबलातून तिच्यावर चढवतं आणि शेवटी फाइलींची अदलाबदल करतं. कडक लॉक (बाकी सगळ्यांना थांबवणारं कुलूप) लागतं ते सुरुवातीला आणि शेवटी, तेही थोडक्या वेळासाठी. टेबलाला प्रायमरी की किंवा नॉट-नल युनिक इंडेक्स (प्रत्येक रो वेगळी ओळखण्याची सोय) मात्र हवाच. नोंदी साठवणाऱ्या जुन्या टेबलांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

बसवताना एक खोच आहे. डेटाबेसमधलं एक्स्टेंशन (जोडभाग) आणि कमांड-लाइन प्रोग्राम एकाच आवृत्तीचे लागतात. सर्व्हर अपडेट केला की प्रोग्राम पुढे सरकतो, एक्स्टेंशन मागेच राहतं आणि टूल चालायला नकार देतं. एक्स्टेंशन ड्रॉप करून पुन्हा क्रिएट करा, मिटलं. दुसरं म्हणजे टेबलाचं नाव न देता चालवलं तर ते अख्खा डेटाबेस उपसायला घेतं. नाव द्या, आणि आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष काही न बदलणारी चाचणी) करून बघा.

डिस्कचा हिशेब कडक ठेवावा लागतो. टेबल ६० जीबी आणि इंडेक्स २० जीबी असतील, तर १६० जीबी मोकळी जागा हाताशी ठेवा; अधिकृत सूचना दुपटीचीच आहे. शिवाय वॉल फाइली (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या) ढिगाने तयार होतात. रेप्लिका (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) मागे पडली आणि तिचा रेप्लिकेशन स्लॉट (ती कुठवर पोहोचली याची खूण) असला, तर त्या फाइली पुसल्याच जात नाहीत. जागा कमावायला निघालेल्या माणसाची डिस्क याच पायी भरते.

सगळ्यात मोठा धोका लॉकच्या वाट पाहण्यात आहे. वेट-टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. तेवढ्यात कडक लॉक मिळालं नाही, तर टूल आडव्या येणाऱ्या क्वेरी रद्द करतं, आणि दुप्पट वेळ गेल्यावर ती कनेक्शनंच तोडतं. रात्रीचा पीजी-डंप त्याच वेळी चालू असेल, तर बळी बॅकअपचा जातो. तेव्हा दोन्हींच्या वेळा लांब ठेवा किंवा नो-किल-बॅकएंड हा पर्याय द्या. मग लॉक न मिळाल्यास टूल ते टेबल सोडून देतं. काम चालू असताना त्या टेबलावर ऑल्टर टेबल चालत नाही, म्हणून त्या दिवशी मायग्रेशनही (टेबलाच्या रचनेतले बदल) नको.

मध्येच प्रोसेस मारली तर ट्रिगर मागे राहतो, लॉग टेबल निमूटपणे भरत जातं आणि प्रत्येक राइट जड होतं. एक्स्टेंशन कॅस्केडने ड्रॉप करून पुन्हा घातलं की साफसफाई होते.

उगाच चालवू मात्र नका. आधी पीजीस्टॅटटपल या एक्स्टेंशनने फुगवटा मोजा. मोठ्या टेबलावर त्याचं अप्रॉक्स रूप वापरा, कारण मूळ फंक्शन पूर्ण टेबल वाचतं. मेलेल्या रो (पडून राहिलेल्या जुन्या प्रती) आणि रिकामी जागा मिळून ३० टक्क्यांखाली असतील, तर आमच्या मते हात लावायचं कारण नाही. थोडी मोकळी जागा चालत्या टेबलाला लागतेच. फक्त इंडेक्स फुगले असतील, तर पोस्टग्रेस १२पासून रीइंडेक्स कन्करंटली घरातच आहे. ते फसलं तर सीसीन्यू शेपटीचा अवैध इंडेक्स उरतो, तेवढा हाताने काढा.

महिन्या-दोन महिन्यांत तेच टेबल पुन्हा फुगलं, तर दोष ऑटोव्हॅक्यूमच्या (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमच्या) सेटिंगमध्ये शोधा. स्केल फॅक्टर (टेबलाचा किती हिस्सा मेल्यावर तो चालावा) मुळात ०.२ असतो, म्हणजे १ कोटी रो असलेल्या टेबलात २० लाख मेल्याशिवाय ऑटोव्हॅक्यूम जागा होत नाही. त्या एका टेबलापुरता हा फॅक्टर ०.०२ करा. तरीही मेलेल्या रो हटत नसतील, तर चालू सेशन दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीत ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेत तासन्‌तास लटकलेलं, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेलं, सेशन शोधा. तसं सेशन उघडं असेतोवर रिपॅकही शेवटच्या अदलाबदलीआधी ताटकळत राहतं.