घरातले सगळे लाइट बदलून वर्ष होत आलं, वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या सुमारास टू बीएचकेचे सगळे लाइट बदलले, आता दिवाळी, उन्हाळा, पावसाळा सगळं बघून झालंय म्हणून सविस्तर लिहितेय. दुकानात शंभर दिवे एकदम चालू असतात, तिथे उभं राहून आपल्या घरात काय दिसेल ते कळूच शकत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो वेगवेगळ्या बटणांनी. इलेक्ट्रिशियन हॉलचे आठही स्पॉट (सीलिंगमध्ये बसवलेले छोटे गोल लाइट) आणि सीलिंगच्या कडेची एलईडी स्ट्रिप एकाच बटणावर देत होता, ताई सगळे एकदम लागले की मस्त दिसतं म्हणाला, पण मी हट्टाने सोफ्यावरचे वेगळे, टीव्हीकडचे वेगळे आणि स्ट्रिप वेगळी असं करून घेतलं. वायर जास्त लागली, थोडे पैसे वाढले, पण रोज संध्याकाळी नुसती स्ट्रिप आणि सोफ्यावरचे चार लाइट पुरतात, सगळे एकत्र फक्त पाहुणे आले किंवा कानातलं हरवलं की लागतात. फॉल्स सीलिंग करताय तर लाइट कुठला घ्यायचा याच्या आधी बटणं किती हे ठरवा, कारण लाइट नंतर बदलता येतो, सीलिंगच्या आतली वायर नाही.

रंगाचं म्हणाल तर हॉल आणि बेडरूममध्ये 3000 केल्विन म्हणजे पिवळसर, वॉर्म (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर), किचनमध्ये 4000, आणि 6500 वाला पांढराशुभ्र घरात कुठेच नाही. आमचं किचन हॉलमधून दिसतं, एका नजरेत पिवळा आणि निळसर पांढरा दोन्ही आले की फार विचित्र वाटतं, 3000 आणि 4000 मात्र चालून जातात. आई सुरुवातीला म्हणायची लोडशेडिंग असल्यासारखं वाटतं गं, आणि तिचं म्हणणं खरंच होतं, वय वाढलं की डोळ्याच्या आत प्रकाश कमी पोचतो त्यामुळे आपल्याला पुरेसा वाटणारा लाइट त्यांना पुरत नाही. तिच्या खुर्चीमागे 9 वॅटचा 4000 चा बल्ब लावून एक स्टँड लॅम्प ठेवला, डाव्या खांद्यावरून उजेड येईल असा. आता पेपर, शब्दकोडं, मेथी निवडणं सगळं तिथेच चालतं. घरात सिनिअर लोक असतील तर हे आधीच धरून चाला.

किचनसाठी तर मी कितीही लिहू शकते! सीलिंगचा लाइट कायम आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे ओट्यावर चिरताना आपलीच सावली भाजीवर पडते, मग तो कितीही वॅटचा असू दे. वरच्या कपाटांच्या खाली ॲल्युमिनियम चॅनलमध्ये स्ट्रिप बसवली, तीसुद्धा कपाटाच्या पुढच्या कडेला, कारण मागे भिंतीला चिकटवली की सगळा उजेड टाइल्सवर पडून डोळ्यात चमकतो. ही सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त 100) 90 ची घेतली, नेहमीच्या 80 वाल्यापेक्षा महाग पडली पण कांदा किती लाल झाला, पालकाचं कुठलं पान पिवळं पडलंय हे बरोबर दिसतं. फोडणीचा चिकट थर कव्हरवर बसतो, आठवड्यातून एकदा पुसावं लागतं, नाहीतर उजेड कमी होत जातो आणि लक्षातही येत नाही.

बेडरूममध्ये पंख्याकडे बघा. लाइट पात्यांच्या वर आला की पंखा चालू केल्यावर खोलीभर सावल्या फडफडतात. 48 इंची पंख्याचं पातं मधापासून दोन फुटांपर्यंत जातं आणि उजेड तिरका पसरतो, म्हणून दोन फुटांपेक्षाही बरंच लांब, भिंतीच्या बाजूला लाइट घ्यावे लागतात. आम्ही भोकं पाडायच्या आधी पेन्सिलने खुणा करून घेतल्या होत्या. बाथरूमच्या आरशालाही वरून लाइट नको, डोळ्याखाली काळं दिसतं, दोन्ही बाजूंनी छान. देवघरात 3 वॅटचा एकच वॉर्म दिवा आहे, समईची ज्योत दिसायला हवी ना.

तक्रार एकच. पावसाळ्यात व्होल्टेज वरखाली झालं आणि दोन स्पॉट गेले. उघडून बघितलं तर एलईडी ठणठणीत, ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा छोटा डबा, गेलेला. बॉक्सवर 25000 तास लिहिलेलं असलं तरी आधी जातो तो बहुतेक वेळा ड्रायव्हरच. ड्रायव्हर वेगळा असलेला लाइट असेल तर तेवढाच बदलता येतो, आमचे तसे होते म्हणून थोडक्यात भागलं. घेताना मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, पट्टे किंवा लुकलुक दिसली तर ठेवून द्या, अशा लाइटखाली वाचताना माझं तरी डोकं चढतं.

बिल कमी व्हावं म्हणून करत असाल तर फार आशा ठेवू नका. हॉलमध्ये आधी दोन जुन्या ट्यूब होत्या, चोकसकट साधारण शंभर वॅट. आता 7 वॅटचे आठ स्पॉट अधिक स्ट्रिप सगळं लावलं की तेवढंच होतं, वाचतं ते फक्त वेगळ्या बटणांमुळे.

पॅसेजमध्ये सेन्सरवाला लाइट अजून घ्यायचाय, आई रात्री उठते तेव्हा भिंतीवर बटण चाचपत जाते. जमिनीपासून फूटभर उंचीवर, मंद वॉर्म, असा कोणी लावला असेल तर कसा टिकतो ते नक्की सांगा.