कोकणातल्या घरात वाइन ठेवायची कुठे? माजघर, फ्रिज आणि वाइनचे कपाट यांची तुलना

वाइन साठवण्याविषयीचा सर्वत्र मिळणारा सल्ला थोडक्यात असा आहे: तापमान १२ ते १४ अंश सेल्सिअस, आर्द्रता साठ-सत्तर टक्के, अंधार, हादरे नाहीत, आणि बूच लावलेली बाटली आडवी. सल्ला योग्यच आहे; पण त्याच्या जोडीला येणारे ‘घरातली सर्वांत थंड, अंधारी जागा शोधा’ हे वाक्य ज्या मुलखात लिहिले गेले, तो मुलूख आपला नव्हे. जमिनीत काही मीटर खोल गेले की तिथले तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास स्थिरावते. फ्रान्समधल्या बोर्दो किंवा बर्गंडी या वाइनच्या प्रदेशांत ही सरासरी ११ ते १४ अंशांच्या घरात असल्याने तिथले तळघर विजेवाचून वर्षभर वाइनला मानवते. रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात हीच सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे जांभा फोडून तळघर खणले तरी हाती २७ अंशच येणार, आणि आषाढात त्यात पाणी भरणार ते वेगळेच. त्यामुळे कोकणात विजेशिवाय १४ अंश मिळणे नाही, हे आधी मान्य करावे आणि मगच पुढच्या पर्यायांकडे पाहावे. खरा प्रश्न बाटली किती दिवस ठेवायची आहे, हा आहे.

पहिला पर्याय जुन्या घराचे माजघर किंवा कोठीची खोली. दीड-दीड फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंती, वर माळा आणि त्यावर कौले, खिडकी एक किंवा नाहीच, अशी ही रचना उष्णता कमी करत नाही, पण तिचे चढउतार मात्र चांगले रोखते. आमच्या माजघरात मे महिन्यात तापमापक दिवसा ३० आणि पहाटे २८ दाखवतो. त्याच वेळी वर माळ्यावर दुपारी हात ठेवता येत नाही इतके कौल तापलेले असते. तापमानाची अशी स्थिरता वाइनच्या दृष्टीने मोलाची आहे. तरीही दर दहा अंशांमागे रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर २९ अंशांत ठेवलेली वाइन १३ अंशांतल्या वाइनच्या सुमारे तिप्पट वेगाने वयस्क होते. हे वय लवकर आले म्हणजे वाइन लवकर पक्व झाली असे मात्र नाही. फळांचा ताजा गंध आधी जातो आणि मुरल्याची गोडी येतच नाही.

उष्णतेचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसतो. ७५० मिलिलिटर वाइन १५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली की चार-पाच मिलिलिटरने फुगते, आणि बुचाखाली मोकळी जागा जवळपास तेवढीच असते. एका वैशाखात स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात आम्ही एक रेड वाइन विसरलो होतो. बाटली हातात घेतली तेव्हा बूच काठाच्या वर सुताएवढे आले होते, आवरणाखालून चिकट ओघळ मानेवर सुकला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. पेल्यात ओतल्यावर रंग कडेने विटकरी दिसला आणि वास शिजवलेल्या मनुकांचा आला. थंडी पडल्यावर अशी वाइन पुन्हा आकसते, आणि त्या वेळी बुचाच्या कडेने हवा आत ओढली जाते. नुकसान होते ते या ये-जा मुळे.

पावसाळ्यातला दमटपणा बुचाला त्रास देत नाही, उलट ते सुकू देत नाही. बुरशी येते ती लेबलावर. बाटलीला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळली की लेबल वाचते. एकंदरीत माजघर हे दोन-तीन महिन्यांत संपणाऱ्या बाटल्यांसाठी चांगले आहे, आणि त्यापलीकडे त्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

दुसरा पर्याय घरचा फ्रिज. त्याच्याविरुद्ध बरेच लिहिले जाते: चार-पाच अंश म्हणजे फार थंड, आतली हवा कोरडी, कॉम्प्रेसरचे हादरे. यातला कोरडेपणाचा मुद्दा फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ साचू न देणाऱ्या, फ्रिजच्या बाबतीत खरा आहे. बूच लावलेली बाटली तिथे वर्षभर ठेवली तर बूच सुकून हवा आत शिरू शकते. परंतु नाशिकच्या पुष्कळ वाइन्सना आता फिरकीचे झाकण असते, आणि त्यांतल्या बहुतेक तरुणपणीच पिण्यासाठी केलेल्या असतात. शेनिन ब्लांक किंवा सोव्हिन्यों ब्लांक अशा व्हाइट वाइनच्या बाटलीला माजघरातल्या ३० अंशांपेक्षा फ्रिजचे पाच अंश केव्हाही बरे. तळाला काचेच्या चुऱ्यासारखे बारीक स्फटिक दिसले तर घाबरू नये. ते थंडीने खाली बसलेले टार्टरिक आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात. उघडलेल्या बाटलीला तर फ्रिजशिवाय पर्यायच नाही. झाकण लावून उभी ठेवल्यास ती तीन ते पाच दिवस टिकते, मग ती रेड असली तरीही. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ या वाक्यातली खोली १७-१८ अंशांची आहे. आपल्याकडे पिण्यापूर्वी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवली की ती त्या तापमानाच्या जवळ येते.

वातानुकूलित शयनगृहाचा विचार काही जण करतात. रात्री २४ आणि दुपारी ३३ असा रोजचा झोका वाइनला देण्यापेक्षा माजघराचे सलग २९ अंश मी पसंत करीन.

तिसरा पर्याय वाइनचे खास कपाट, आणि इथेच पैसे वाया जाण्याचा धोका सर्वाधिक आहे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या कपाटांचे आतून दोन प्रकार असतात. थर्मोइलेक्ट्रिक कपाटात कॉम्प्रेसर नसतो. विजेच्या प्रवाहाने एका पट्टीची एक बाजू गार व दुसरी गरम होते, आणि पंखा ती गरमी बाहेर टाकतो. ते शांत असते, हादरे देत नाही आणि स्वस्तही असते. पण बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १२ ते १५ अंशच खाली जाऊ शकते. ३३ अंशांच्या दुपारी या वजाबाकीचे उत्तर १८ ते २१ येते. आमच्या ओळखीच्या एका घरी असे कपाट आहे. १२ अंशांचा आकडा लावूनही मे महिन्यात आतला तापमापक १९ च्या खाली उतरला नाही, आणि पंखा रात्रंदिवस फिरत राहिला. कॉम्प्रेसरचे कपाट महाग असते, थोडा आवाज करते, पण बाहेर कितीही उकडले तरी १३ अंश म्हणजे १३ अंश ठेवते. किनारपट्टीवर घ्यायचे असेल तर हेच घ्यावे. काचेचे दार असलेच तर काच गडद असावी आणि कपाट उजेडापासून दूर ठेवावे, कारण रंगहीन बाटलीतली वाइन प्रकाशाने फार लवकर बिघडते.

समुद्राकाठी दोन खबरदाऱ्या आणखी घ्याव्या लागतात. खाऱ्या वाऱ्याने मागच्या जाळीवर गंज चढतो, म्हणून कपाट पडवीत किंवा समुद्राकडच्या खिडकीशी ठेवू नये आणि जाळी अधूनमधून कोरड्या ब्रशने झाडावी. दुसरी गोष्ट विजेची. व्होल्टेज वरखाली होत असल्याने स्टॅबिलायझर लागतोच. आणि लाइट गेल्यावर भरलेले कपाट रिकाम्यापेक्षा बराच अधिक वेळ गार राहते, म्हणून रिकाम्या खणांत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगड आणि श्रीवर्धनच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. महागडा संग्रह करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

एक मधला मार्ग मला मनापासून आवडतो. जुना, चालू स्थितीतला एक दाराचा फ्रिज घ्यावा आणि त्याची वीज बाहेरच्या थर्मोस्टॅटमधून द्यावी. आत ठेवलेला संवेदक १४ अंशांला वीज तोडतो आणि १६ ला जोडतो. कॉम्प्रेसर क्वचितच चालतो, त्यामुळे हादरेही कमी आणि वीजही कमी लागते. असा फ्रिज फ्रॉस्ट-फ्रीइतका कोरडा नसतो. तळाशी साचणारे पाणी मात्र आठवड्याला पुसावे लागते. जोडणी माहीतगार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

आता निवड. वर्षाकाठी दहा-बारा बाटल्या आणून त्या दोन-तीन महिन्यांत संपवणाऱ्याने काहीच विकत घेऊ नये. व्हाइट फ्रिजमध्ये आणि रेड माजघरात ठेवावी. पंधरा-वीस बाटल्या वर्ष-दोन वर्षे मुरवायच्या असतील तर थर्मोस्टॅटचा फ्रिज किंवा कॉम्प्रेसरचे कपाट घ्यावे. थर्मोइलेक्ट्रिक कपाट मी कोकणात कुणालाच सुचवणार नाही. मुंबईहून गणपती-शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याने गावच्या बंद घरात वाइन ठेवूच नये, कारण निघताना मेन स्विच बंद होतो आणि त्यासोबत कपाटही. त्याने येतानाच बाटल्या आणाव्यात, आणि त्या गाडीच्या डिकीत न ठेवता बर्फाच्या पेटीत, पायाशी ठेवून आणाव्यात. ज्यांना अजून ठरवता येत नाही, त्यांनी पाण्याने भरलेली एक बाटली चैत्रापासून माजघरात ठेवावी, तापमापक तिच्या पाण्यात सोडावा आणि आगोटीपर्यंत, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत, रोज दुपारी व पहाटे आकडा लिहून काढावा.