योगसूत्रे की गीतेचा सहावा अध्याय: आधी काय हाती घ्यावे?

रोजचा आसन-प्राणायाम अंगवळणी पडला की मूळ ग्रंथ वाचावासा वाटतो, आणि बहुतेकांची निवड दोहोंपाशी येऊन थांबते: पतंजलींची योगसूत्रे किंवा भगवद्गीतेचा सहावा अध्याय. सूत्रे १९५ (काही पाठांत १९६), अध्यायाचे श्लोक ४७. पुढेमागे दोन्ही वाचायचे आहेतच. प्रश्न क्रमाचा आहे.

साधना कुठे बिघडते याचे निदान सूत्रांइतके नेमके क्वचितच सापडते. १.३० मध्ये (म्हणजे पहिल्या पादातले, भागातले, तिसावे सूत्र) व्याधीपासून अनवस्थितत्वापर्यंत (साधलेली स्थिती न टिकणे) नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, येतात आणि १.३१ मध्ये त्यांच्याबरोबर येणारी लक्षणे: दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगाचा कंप, विस्कळीत श्वास-प्रश्वास. शिकवणाऱ्याला तर ही दोन सूत्रे पाठच हवीत.

अडचण एकच, पण ती रोज आडवी येते: सूत्र एकटे वाचता येत नाही. १.३४ घ्या, ‘प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य’. प्राण बाहेर सोडून आणि रोखून काय साधायचे? सूत्रात ना क्रियापद, ना फळ. चित्ताची प्रसन्नता मागच्या सूत्रातून आणायची. व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरचे व्यासांचे विवरण, तर पुढच्या सूत्रातली मनाची स्थिती इथे आणून जोडते. हे ठाऊक नसलेला वाचक ‘रोखणे’ तेवढे उचलतो, जोर लावून कुंभक (श्वास रोखणे) करतो आणि छातीत ताण, डोक्यात जडपणा घेऊन उठतो. आसनाचेही तेच. २.४६ स्थिर आणि सुखाची बैठक मागते, पण बसायचे कसे हे सांगत नाही. भाष्यात पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक अशी नावे मिळतात. कृती तिथेही नाही. मग सूत्र, भाष्य, त्यावरची टीका आणि मराठी विवरण असे सगळे उघडून बसावे लागते आणि त्यात अभ्यासाची वेळ निघून जाते. माझ्यापुरते पारडे इथेच गीतेकडे झुकले.

सहाव्या अध्यायातले ११ ते १७ हे श्लोक वाचून लगेच बसता येते. जागा स्वच्छ, आसन फार उंच नाही की फार सखल नाही. थरांचा क्रम श्लोकात वस्त्र, अजिन (मृगचर्म), कुश (दर्भ) असा आहे. शंकराचार्य तो उलटा घ्यायला सांगतात, म्हणजे कुश तळाशी आणि वस्त्र वर. आज जाड घडी आणि वर सुती कापड पुरते. बैठकीखाली इतकीच उंची द्या की गुडघे कमरेच्या खाली राहतील, नाहीतर पाठीला पोक येतो.

तेराव्या श्लोकात धड, मान, डोके एका रेषेत आणि अचल. इथे दोन चुका हमखास होतात. ताठ बसण्याच्या नादात हनुवटी वर जाते व मान आखडते. हनुवटी किंचित आत घेतली की मान मोकळी होते. दुसरी चूक डोळ्यांची. नाकाच्या शेंड्याकडे खरोखर टक लावली की डोळे तिरळे होऊन कपाळ दुखते. शंकराचार्य इथे ‘जणू’ असा अध्याहार घेतात, म्हणजे श्लोकात नसलेला तो शब्द गृहीत धरतात: नाक पाहायचे नाही, नजर बाहेर धावू द्यायची नाही. पापण्या अर्ध्या मिटल्या की ते सहज जमते. १६ आणि १७ मध्ये आहार व झोपेचे प्रमाण आहे, आणि मन भरकटू लागले की २४ ते २६ वाचावेत.

रोज एकच श्लोक घ्यावा: दोनदा मोठ्याने म्हणणे, पदच्छेद (शब्द सुटे करणे), अन्वय (ते वाक्याच्या क्रमाने लावणे), अर्थ, आणि लगेच बैठक. सोबत ज्ञानेश्वरी असली तर मराठी वाचकाला मोठाच आधार. मात्र याच श्लोकांवर ज्ञानेश्वर मूळबंध, जालंधर, वोढियाणा हे बंध (शरीराचे ठरावीक भाग आवळून धरण्याच्या क्रिया) आणि कुंडलिनीचे विस्तृत वर्णन करतात. ते मनापासून वाचावे, पण ओव्यांवरून बंध लावू नयेत. ती क्रिया जाणत्या शिक्षकासमोरच शिकायची.

गीतेची उणीवही आहे. आसनांचे प्रकार नाहीत, प्राणायाम चौथ्या अध्यायात ओझरता येतो, आणि पाचव्याच्या शेवटी दृष्टी भुवयांमध्ये सांगितली आहे, जी सहाव्याशी ताडून घ्यावी लागते. ज्याला कुंभकाचे प्रकारच समजून घ्यायचे आहेत त्याने हठयोगप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथाकडे जावे.

बाकीच्यांनी सहावा अध्याय पुरा झाला की २.४६ ते २.५३ ही आठ सूत्रे भाष्यासह घ्यावीत. श्लोकातले ‘अचल’ शरीर आवळून धरल्याने साधत नाही. ते कसे साधते हे २.४७ मधल्या प्रयत्नशैथिल्यात (प्रयत्न सैल सोडण्यात) आहे, आणि तोवर बैठकीची सवय झालेली असल्याने ते सूत्र एका वाचनात कळते. त्यानंतर पहिल्या पादातली ३० ते ३९.