आजोबांचं ‘भूमितीचं बक्षीस’ आणि लंडनचं फ्रीमेसनरी संग्रहालय

आमच्या घरात चांदीचं एक पदक होतं. गवंड्याचा असतो तसा छोटा गुण्या आणि त्याला खाली लोंबणारी चौकोनी पट्टी. पट्टीवर काटकोन त्रिकोण, त्याच्या तिन्ही बाजूंवर तीन चौरस. नाव नाही, साल नाही. पायथागोरसचं प्रमेय तर सगळ्यांनाच ओळखू येतं, म्हणून ते आजोबांना शाळेत मिळालेलं भूमितीचं बक्षीस, असं घरात कायम धरलेलं. आजोबा मुंबईत एका फ्रीमेसन लॉजचे, म्हणजे फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघाच्या एका शाखेचे, सभासद होते हे बाबांना माहीत होतं; महिन्यातून एका सोमवारी संध्याकाळी काळा सूट घालून, हातात चपटी चामडी पेटी घेऊन ते जायचे. पण त्या सोमवारचा आणि या पदकाचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

बाबा महिनाभर माझ्याकडे आले होते. येताना ते पदक घेऊन आले, कारण पदकं विकत घेणाऱ्या एकाने त्यांना सांगितलं होतं, ‘शाळेतलं आहे, वजनावर घेतो.’ बाबांनी ते दिलं नाही. त्यांच्या या हट्टाबद्दल मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहीन.

हे संग्रहालय ज्यात आहे तो लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचा फ्रीमेसन्स हॉल होबर्न आणि कॉव्हेंट गार्डन या दोन्ही ट्यूब स्टेशनांवरून चालत जाण्यासारखा आहे. संग्रहालयाला प्रवेश फी नाही. इमारत १९२७ ते १९३३ या काळात बांधली, पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ३,२२५ मेसन बांधवांचं स्मारक म्हणून. बाहेरून ती इतकी भव्य आणि गंभीर दिसते की बाबा पायरीपाशीच थांबले. ‘आपल्याला आत सोडतील का?’ सोडतात. अगदी आपुलकीने सोडतात, हे मुद्दाम सांगते, कारण मेसन म्हटलं की कुलूपबंद दार हीच कल्पना आपल्या डोक्यात असते.

संग्रहालयात तीनशे वर्षांचा ऐवज आहे. २४ जून १७१७ला लंडनमधल्या चार लॉज ‘गूज अँड ग्रिडायर्न’ नावाच्या मद्यालयात जमल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजची मध्यवर्ती संस्था, झाली, तिथून गोष्ट सुरू होते. एप्रन, पट्टे, काचेचे पेले, घड्याळं, राजघराण्यातल्या ग्रँड मास्टरांच्या वस्तू, चर्चिलशी संबंधित वस्तू, असं पुष्कळ आहे. हे मी भराभर पाहिलं. थांबले ती मतदानाच्या पेटीपाशी. सभासद एकेक करून आत हात घालतात, पांढरा किंवा काळा गोटा टाकतात. कुणी कोणता टाकला ते कळत नाही. नवा माणूस घ्यायचा की नाही हे असं ठरतं. उमेदवाराचा बाप स्वतः त्या लॉजमध्ये बसलेला असला तरी गोटे पडायचेच.

मग दागिन्यांचं कपाट आलं. मेसन लोक पदकाला ‘ज्युएल’ म्हणतात. बाबा माझ्या दोन पावलं पुढे होते आणि एकदम म्हणाले, ‘हे बघ, आपलं!’

काचेमागे आमचं भूमितीचं बक्षीस होतं. एक नाही, कितीतरी. कुणाचं सोन्याचं, कुणाचं चांदीचं, पण गुण्या तोच, पट्टी तीच, तीच आकृती. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं प्रमेय. इंग्लिश परंपरेत ते ज्युएल फक्त पास्ट मास्टरचं, म्हणजे जो वर्षभर लॉजच्या मुख्य आसनावर बसून पायउतार झाला त्याचं. आजोबा नुसते सभासद नव्हते. त्यांनी ती लॉज चालवली होती, आणि घरात एक शब्द बोलले नव्हते.

तिथल्या एका कर्मचारी बाईंना आम्ही पदक दाखवलं. त्यांनी भिंग आणलं, पांढऱ्या कापडावर ठेवून मागची बाजू उजेडाकडे वळवली आणि बाबांना बघायला दिलं. काळवंडलेल्या चांदीत तीळभर आकाराचे छाप होते. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची चांदी तपासणारी कचेरी. (समुद्रापासून इतक्या लांबच्या शहराला नांगर कसा, हे बाबांनी विचारलं नाही, पण परतताना ट्रेनमध्ये तोच विषय होता.) पंधरा मिनिटं त्या बाई आमच्याजवळ उभ्या होत्या, आणि आम्हाला एकदाही घाई वाटू दिली नाही.

इमारतीची मार्गदर्शकासह फेरी मात्र अजिबात चुकवू नका. मोठी सभा असेल त्या दिवशी ग्रँड टेम्पल, म्हणजे मुख्य सभागृह, बघायला मिळत नाही, म्हणून आधी चौकशी करून जा. काशाची दोन दारं, एकेक सव्वा टनाचं. आत १,७०० माणसं बसतात, वर मोझेकचं छत. पण माझ्या मनात राहिलं ते आमच्या मार्गदर्शकाने सांगितलेलं ‘ल्यूइस’.

ल्यूइस हे मुळात गवंड्याचं, म्हणजे खऱ्या ‘मेसन’चं, अवजार. घडवलेल्या जड दगडाच्या माथ्यावर खाली रुंद होत जाणारी खाच पाडायची, तिच्यात लोखंडाचे तुकडे एकेक करून बसवायचे आणि कडीला दोर लावायचा. वर ओढलं की तुकडे खाचेतच पक्के आवळतात. दगड जितका जड, तितकी पकड घट्ट. मेसन माणसाच्या मुलालाही ल्यूइसच म्हणतात. आईबापांच्या उतारवयात त्यांचा भार उचलणारा तो. बाबांनी मार्गदर्शकाला विचारलं, ‘मग मुलाला आपोआप प्रवेश मिळतो?’ नाही. ल्यूइसलाही स्वतःच्या इच्छेने येऊन मागावं लागतं. आणि जुना दंडक असा की मेसनने कुणाला ‘ये’ म्हणून गळ घालायची नाही. विचारणं हे येणाऱ्याचं काम.

बाबा बराच वेळ गप्प होते. पुढे स्मारकाची जागा आली. तिथे काशाच्या पेटीत त्या ३,२२५ जणांच्या नावांची गुंडाळी ठेवलेली आहे. समोर बसल्यावर ते म्हणाले, ‘मी एकवीस वर्षांचा झालो तेव्हा आजोबांनी मला जवळ बसवून विचारलं होतं, माझ्या सोमवारबद्दल तुला काही विचारायचंय का? मी म्हटलं, नाही, परीक्षा आहे. मला वाटलं, त्यांना काही सांगायचं नाहीये, उगाच कशाला खोदायचं.’

आजोबांना नियमात राहून जेवढं म्हणता येत होतं तेवढं ते म्हणाले होते. बाप मुलाच्या विचारण्याची वाट बघत राहिला आणि मुलगा बापाच्या सांगण्याची. हे बाबांना त्या बाकावर कळलं, आणि माझ्यासाठी ही फेरी तिथेच सार्थकी लागली.

मेसनांशिवाय इतर बंधुसंघांच्या वस्तूही इथे आहेत, ऑडफेलोज आणि फॉरेस्टर्सच्या. ते कपाट लहान आहे, लोक पुढे निघून जातात. तुम्ही जाऊ नका. मँचेस्टर युनिटी ऑडफेलोज १८१०चे, फॉरेस्टर्स १८३४चे. ठरावीक वर्गणी भरायची. आजारी पडलात तर संघ पैसे देणार, गेलात तर अंत्यविधीचा खर्च उचलणार. १९११च्या विमा कायद्यात सरकारने कामगारांचा आजारपणाचा विमा अशा मान्य संस्थांमार्फतच चालवला. १९४८ला राष्ट्रीय आरोग्यसेवा आली तेव्हा ती गरज उरली नाही. तिथे बापाच्या पाठोपाठ मुलाचं नाव घालण्यामागे पोटाची निकड होती. आजोबांच्या सोमवारमागे ती नव्हती, म्हणून तो दुवा एका न विचारलेल्या प्रश्नाने तुटला.

आणि मुली? इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजमध्ये मुलीला ल्यूइस होता येत नाही. स्त्रियांच्या स्वतंत्र संस्था आहेत, ऑर्डर ऑफ विमेन फ्रीमेसन्स तर १९०८पासूनची. मला हे आधी माहीत असतं तर मी लहानपणीच आजोबांना विचारलं असतं. मी खूप प्रश्न विचारणारी मुलगी होते.

ज्यांना घरातला माणूस शोधायचाय त्यांच्यासाठी: इंग्लिश लॉजच्या सभासदांच्या नोंदवह्या, १७५१ ते १९२१, अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर बघता येतात, आणि इंग्लंडची सनद असलेल्या परदेशी लॉजही त्यात आहेत. आजोबा नंतरचे, त्यामुळे त्यात नाहीत. पुढची चौकशी संग्रहालयाच्या ग्रंथालयात करावी लागते, आणि लॉजचं नाव किंवा क्रमांक हाताशी असेल तर काम सोपं होतं. हेही लक्षात ठेवा की २४ नोव्हेंबर १९६१ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया झाली आणि भारतातल्या पुष्कळ लॉज तिच्यात गेल्या; त्यानंतरचं दप्तर तिकडे विचारावं लागेल. जाण्याआधी घरातली प्रत्येक पेटी उघडून बघा, प्रत्येक आत्याला फोन करा. आम्ही उलट्या क्रमाने केलं.

रात्री बाबांनी आत्याला फोन लावला. चामडी पेटी तिच्या कपाटावर होती, कित्येक वर्षं न उघडलेली. तिने ती खाली काढली. आत पांढऱ्या कातड्याचा, निळ्या किनारीचा एप्रन निघाला. संग्रहालयात आम्ही शिकून आलो होतो की साध्या सभासदाच्या एप्रनवर निळी कापडी फुलं असतात आणि मास्टर झालेल्याच्या एप्रनवर त्याच जागी आडवीवर उभी अशा जोडलेल्या चांदीच्या रंगाच्या पट्ट्या.

‘फुलं आहेत का त्यावर?’ बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला वेगळाच वाटला.

‘फुलं कुठली रे,’ आत्या म्हणाली. ‘तीन उलटे टी आहेत.’