टाचेतलं रक्त, बोगस रिपोर्ट आणि गेलेले 33,700 रुपये

गोव्यात फोंड्यात किंवा आसपास कुणी बाळंतीण हॉस्पिटलात असेल तर आधी हे वाचा. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, तोंडी सारखं 'दादा, दादा' असा माणूस खाटेपाशी येईल. नवजात बाळाची पन्नासावर आजारांची तपासणी, फक्त 8,500 रुपये.

मी काही भोळा नाही. तपासणी खरीच असते. टाचेच्या काही थेंबांतून टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीचं यंत्र डझनांनी चयापचयाचे दोष हुडकतं. जन्मजात थायरॉइडची कमतरता वेळेत कळली तर रोजच्या एका गोळीवर मुलाची बुद्धी वाचते. गोव्यात 2008 मध्ये अशी सरकारी योजना सुरूही झाली होती. 'तीच आता आमच्याकडे आहे,' तो म्हणाला. नर्सांसमोर बिनदिक्कत वावरणाऱ्याला मी चोर का समजावं?

मुलगी तेव्हा 9 तासांची. हे रक्त साधारण 48 तासांनी घेतात. जन्मल्याबरोबर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारा हार्मोन) तसाही उसळलेला असतो आणि दूध पोटात गेल्याशिवाय काही दोष दिसतच नाहीत. ते मला कुठून माहीत असणार? पण पुढचं डोळ्यांदेखत घडलं. रक्त टिपायच्या कागदी कार्डावरच्या गोलांत त्याने थेंबावर थेंब चेपले, एक गोल अर्धाच भरला. मी पैसे द्यायला खाली गेलो, तर तेच ओलं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्कूटरच्या डिकीत! मे महिना, वर ऊन. कार्ड सावलीत, मोकळ्या हवेत तीन-चार तास वाळवायचं असतं. मी विचारलंसुद्धा, 'ओलंच नेताय?' म्हणे, लॅबमध्ये ड्रायर आहे. ड्रायर! तिथेच त्याची कॉलर धरायची. पण वर बायकोचं सिझर झालेलं, तिला ताप, औषधांची चिठ्ठी माझ्या खिशात.

मग रिपोर्ट: 'जी6पीडी बॉर्डरलाइन', म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी सांभाळणारं एन्झाइम काठावर. फेरतपासणीचे 6,200. नंतर 'जनुकीय खात्री', 19,000. उशीर केलात तर आमची जबाबदारी नाही, ही धमकी वर. सासूबाईंनी कपाटातल्या डांबरगोळ्या वेचून टाकल्या, कारण हा दोष असलेल्या बाळाला त्या खरंच घातक. शेवटच्या रिपोर्टावर लिंग: पुरुष.

बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी शिरेतलं रक्त तपासलं. एन्झाइम नॉर्मल. उष्णतेत, दमटपणात कार्डावरचं हे एन्झाइम मरतं, ते म्हणाले. म्हणजे तपासणी केली असेल तरी कचरा.

आता आपली व्यवस्था बघा. हॉस्पिटल म्हणतं, तो आमचा माणूस नव्हे. मग वॉर्डात शिरला कसा? आम्हा नातेवाइकांना पासाशिवाय जिना चढू देत नाहीत! पोलीस म्हणाले, सायबरकडे जा. 1930 या सायबर हेल्पलाइनवर म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत. आरोग्य खात्यातल्या बाईंनी अर्ज घेतला, पोच मागितली तर हसल्या. जीपेच्या पावतीवर खातेदाराचं नाव स्पष्ट दिसतं, तरी 'आरोपी अज्ञात'.

रिपोर्टावरचा एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) क्रमांक त्यांच्या साइटवर तपासा. वैद्यकीय लॅबचा 'एमसी'ने सुरू होतो. माझ्या रिपोर्टावर 'टीसी' होतं, म्हणजे पाणी-सिमेंट तपासणाऱ्यांचा! खाटेपाशी पैसे मागणाऱ्याला बालरोगतज्ज्ञांसमोर उभा करा. रोख दिली तर सही घ्या. माझे 19,000 रोखच गेले. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे सांगायलाही कुणी तयार नव्हतं. तक्रार तिथे घातली आहे. तारीख गणेश चवथीनंतरची मिळाली.