टाकाऊ खोकी, बाटल्या, बरण्यांनी आवरलेलं घर: आठ महिन्यांनंतर काय टिकलं, काय काढून टाकलं

बुटांची खोकी, प्लास्टिकच्या बाटल्या, काचेच्या बरण्या, पत्र्याचे डबे, जुनी हँगरं आणि कागदी रोलच्या नळ्या एवढ्यावर चार ड्रॉवर, दोन कपाटं, सिंकखालची जागा आणि एक कामाचं टेबल आठ महिने चाललं. पहिल्या महिन्यात हे सगळंच देखणं दिसतं, त्यामुळे तेव्हाचं मत फारसं कामाचं नसतं. मधले काही महिने हवा दमट होती, त्यात खरी परीक्षा झाली. जिथे फजिती झाली तिथे कल्पना क्वचितच चुकली होती. वस्तू चुकीच्या जागी बसवली होती. पुठ्ठा ओलीपाशी ठेवला, पातळ प्लास्टिक गरम जागी ठेवलं किंवा चिकटपट्टीच्या भरवशावर वजन टांगलं, की ती सोय दोन-तीन महिन्यांत मोडते. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी तीनच गोष्टी बघा: तिथे ओल आहे का, वजन किती येणार आणि दिवसातून किती वेळा हात लागणार.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते पुठ्ठ्याचं खोकं. ड्रॉवरमध्ये कपडे घडी करून एकावर एक रचण्याऐवजी खोक्यात उभे लावले की सगळे वरून दिसतात आणि एक ओढला तर बाकीचे ढासळत नाहीत. बुटांच्या खोक्याचं झाकण फेकू नका. ते उलटं करून खोक्याच्याच बुडाखाली बसवा. बूड दुहेरी होतं आणि खोकं उचलताना तळ सुटत नाही. खोकं जड सामानासाठी वापरायचं असेल तर आत पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा टाका, पण त्यातल्या नागमोडी नळ्यांची दिशा मूळ बुडाच्या नळ्यांना आडवी हवी. पुठ्ठा नळ्यांच्या रेषेवर सहज दुमडतो. दोन थरांच्या रेषा एकमेकींना छेदल्या की दुमडायला वाव राहत नाही.

ड्रॉवरचे खण पाडताना हाच नियम थोडा वेगळ्या तऱ्हेने लागतो. लांब पट्टीत नळ्या लांबीच्या दिशेने धावल्या पाहिजेत, नाहीतर सामान टेकलं की पट्टी बाजूला फुगते आणि शेजारच्या खणाची जागा खाते. पट्टीची उंची ड्रॉवरच्या आतल्या उंचीपेक्षा निदान ५ मिलिमीटर कमी आणि लांबी २ ते ३ मिलिमीटर कमी घ्या. दमट हवेत पुठ्ठा फुगतो. अगदी घट्ट मापाची पट्टी तेव्हा कमान होऊन वर येते आणि ड्रॉवर अडतो. दोन पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या असतील तर एकीला वरून आणि दुसरीला खालून खाच पाडा. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच आणि खोली अर्ध्या उंचीपेक्षा २ मिलिमीटर जास्त हवी. नेमकी अर्धी खाच कापली तर एक पट्टी हमखास वर तरंगते. गोंद लावू नका. आठ महिन्यांत खणांची मांडणी तीनदा बदलावी लागली आणि गोंद नसल्यामुळेच ती बदलता आली.

पुठ्ठ्याची कमजोरी ओल आणि कीड. सिंकखाली ठेवलेलं खोकं सहा आठवड्यांत बुडाकडून मऊ पडलं. जिथे नळाचा पाइप किंवा ओल्या भिंतीची बाजू आहे तिथे पुठ्ठा ठेवूच नका, बाहेरून प्लास्टिक गुंडाळूनही नाही, कारण आत शिरलेला दमटपणा मग बाहेर पडत नाही. कागद आणि त्यातला पिष्टाचा गोंद कसरीला आवडतो, आणि नागमोडी नळ्यांत झुरळांना लपायला आयती जागा मिळते. म्हणून पुस्तकं, कागदपत्रं आणि स्वयंपाकघर यांपासून खोकी दूर ठेवलेली बरी. इतर ठिकाणची खोकीही दर दोन महिन्यांनी रिकामी करून कोपरे बघा. बारीक काळे ठिपके किंवा कुरतडलेला कागद दिसला तर पुसत बसू नका, खोकं सरळ टाकून द्या. ते फुकटच आलेलं असतं, त्याचा हा मोठा फायदा.

अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये बटणं, स्क्रू, कानातली ठेवायची युक्ती सगळीकडे सुचवली जाते. ती सोडून द्या. हा ट्रे धुता येत नाही आणि कच्च्या अंड्याचा अंश त्यात राहून गेला असेल तर तो निघतही नाही. वापरात नसलेला बर्फाचा प्लास्टिक ट्रे हेच काम कितीतरी चांगलं करतो. तो धुता येतो आणि दोन ट्रे एकावर एकही बसतात.

आता प्लास्टिक. बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो, तो आधी वाचा. १ म्हणजे पाण्या-सरबताच्या पारदर्शक बाटलीचं प्लास्टिक, २ म्हणजे दुधी रंगाचा जाड कॅन, ५ म्हणजे बरेचसे झाकणाचे डबे. १ क्रमांकाचं प्लास्टिक साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं, त्यामुळे अशी बाटली उकळत्या पाण्याने धुतली की आक्रसते. शेगडीजवळ ठेवली तरी वाकडी होते. हाच गुण कापलेली कड बोथट करायला वापरता येतो. बाटलीला सुरीच्या टोकाने भोक पाडा आणि पुढे कात्रीने कापा. सुरीने गोल कापायला गेलात तर ती घसरते. मग इस्त्री मध्यम तापवा, तिच्या तळाला बटर पेपर लावा आणि बाटलीची कड त्यावर दोन-तीन सेकंद टेकवून उचला. कड आत वळते आणि बोटाला लागत नाही. या वळण्यात उंची थोडी घटते, म्हणून कापतानाच ४ ते ५ मिलिमीटर जास्त ठेवा. खिडकी उघडी हवी. जास्त वेळ दाबून धरलं तर कड लाटांसारखी वेडीवाकडी होते आणि ती परत सरळ करता येत नाही.

अशा दोन लिटरच्या बाटल्या आडव्या रचून मोजे, पट्टे, रुमाल यांचे कप्पे होतात. जोडायला गोंद वापरला तर फसाल. वाकताना बाटली लवचिकपणे हलते आणि गोंदाचा थर सुटतो. शेजारच्या बाटल्यांच्या कडा कागदांच्या गठ्ठ्याला लावायच्या काळ्या चिमट्यांनी धरा. चार बाटल्यांच्या रचनेला चार चिमटे पुरतात आणि एक बाटली फुटली तर तेवढीच बदलता येते. २ आणि ५ क्रमांकाच्या प्लास्टिकवर तर साधा गोंद धरतच नाही. तिथे भोक पाडून स्क्रू आणि वॉशर लावा किंवा केबल टाय ओवा.

सिंकखालच्या जागेसाठी पाच लिटरचा जाड कॅन हा या सगळ्या प्रयोगातला सर्वात टिकाऊ तुकडा ठरला. मूठ शाबूत ठेवून पुढचा भाग तिरका कापा, बुडाला चार-पाच भोकं पाडा आणि त्यात घासण्या, ब्रश, फडकी ठेवा. मुठीला धरून सगळं एकदम बाहेर येतं, पाणी सांडलं तर भोकांतून निथळतं. कॅन तेलाचा असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण घालून दोनदा रात्रभर भरून ठेवा. तेलाचा पातळ थर राहिला तर त्यावर धूळ चिकटून काही आठवड्यांत काळा लेप चढतो.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. पिण्याच्या किंवा खाण्याच्या बाटलीत फिनाइल, ॲसिड, ब्लीच असलं काहीही ओतून ठेवू नका, मोठ्ठं लेबल लावूनसुद्धा नाही. लहान मूल लेबल वाचत नाही आणि तहानलेला मोठा माणूसही वाचत नाही. उलट, रसायनाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी खाण्याच्या वस्तूंसाठी वापरू नका. ब्लीच आणि ॲसिड एकाच कॅनमध्ये शेजारी ठेवणंही टाळा. गळून एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो.

काचेच्या बरण्यांची झाकणं फळीच्या खालच्या बाजूला पक्की करून बरण्या टांगायच्या, ही सोय छान चालली, पण दोन दुरुस्त्यांनंतर. एकाच स्क्रूवर झाकण बसवलं तर बरणी फिरवताना झाकणही फिरतं आणि महिन्याभरात स्क्रू ढिला होतो. मध्यापासून थोडे लांब दोन स्क्रू हवेत, दोन्हींना वॉशर. फळी १८ मिलिमीटरची असेल तर स्क्रू १५ मिलिमीटरपर्यंतच घ्या, नाहीतर टोक वरून निघतं. भुशाच्या दाबलेल्या फळीत आधी बारीक भोक न पाडता स्क्रू पिळला की भुसा सुटतो आणि पकड राहत नाही. बरणीखाली हात जाईल एवढी मोकळी जागा सोडा. झाकणाला भोक पडलं की ती बरणी हवाबंद राहत नाही, म्हणून अशा बरण्यांत खिळे, बटणं, रबरं, पेन्सिली. खाण्याचं काही नको. भोकाच्या कडेला झाकणाचा लेप उडतो आणि तिथूनच गंज चढतो. न्हाणीघरात हा प्रकार तीन महिन्यांत दिसला, कोरड्या खोलीत अजून नाही.

पत्र्याच्या डब्याला भोकं पाडायची असतील तर एक सोपा उपाय आहे. डब्यात वरून दोन बोटं सोडून पाणी भरा, फ्रीजरमध्ये गोठवा आणि मग खिळ्याने ठोका. आत बर्फाचा आधार असल्यामुळे पत्रा चेपत नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून काठोकाठ भरलं तर बूडच फुगतं आणि डबा टेबलावर डुगडुगतो. वरची कड कानशीने घासून घ्या आणि शेवटी कापडावरून फिरवून बघा. धागा अडकला तर अजून धार आहे.

साध्या तारेच्या हँगरवर कपडे लावू नका, दमट दिवसांत गंजाचे डाग कपड्यावर उतरतात आणि निघत नाहीत. ती तार आकडे करायला उत्तम. प्लास्टिकच्या हँगरवरून कपडे घसरू नयेत म्हणून टोकांना रबरबँड गुंडाळायचं सुचवतात, पण साधं रबर काही महिन्यांत तडकतं किंवा चिकट होऊन डाग पाडतं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या १ सेंटिमीटर रुंद चकत्या कापून त्या चढवा. साबणाने धुवून, वाळवून, पांढऱ्या कापडावर घासून बघा. काळं उमटणं थांबेपर्यंत धुवा. या चकत्या आठ महिन्यांनंतरही जशाच्या तशा आहेत.

याच ट्यूबचा तुकडा पडद्याच्या ताणाच्या दांडीलाही उपयोगी पडला. सिंकखाली दोन भिंतींमध्ये दांडी अडकवून तिच्यावर फवाऱ्याच्या बाटल्या टांगल्या की खालची जागा मोकळी होते. पण अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या म्हणजे तीन किलोंहून जास्त वजन. दांडी दर पंधरवड्याला घसरत होती. दोन्ही टोकांना ट्यूबचा तुकडा लावल्यावर आणि बाटल्या चारवर आणल्यावर घसरणं थांबलं. कुठलीही टांगती सोय वापरायच्या आधी अशी तपासा: पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे जवळजवळ एक किलो. जितकं वजन येणार त्याच्या दुप्पट बाटल्या एक रात्र टांगून ठेवा, खाली काही फुटण्यासारखं नसताना.

वायरी कागदी रोलच्या नळ्यांत घालून ठेवणं चांगलं चाललं. नळीवर वायरीचं नाव लिहा. वेटोळं ८ ते १० सेंटिमीटरचं सैल ठेवा, आणि प्लगपाशी थोडी वायर मोकळी सोडा, कारण तिथेच ती पुन्हा पुन्हा दुमडून आतल्या तारा तुटतात. मात्र बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात एक्सटेन्शन बोर्ड आणि चार्जर लपवायची जी युक्ती फार फिरते, ती करू नका. बोर्ड आणि चार्जर गरम होतात, बंद खोक्यात उष्णता अडकते आणि भोवती जळणारा कागद असतो. वेटोळं करून ठेवलेली एक्सटेन्शनची वायर जास्त भार असताना आणखी तापते. वापरातला बोर्ड उघड्यावरच हवा, वेटोळं सोडवून. दिसायला बरं नसलं तरी.

चादरींचा प्रश्न सर्वात कमी खटाटोपात सुटला. चादर आणि एक उशीचं कव्हर घडी करून त्याच संचातल्या दुसऱ्या कव्हरात घालायचं. जोड शोधावी लागत नाही. वाकडा झालेला ताटं निथळायचा जुना स्टँड झाकणं आणि कापायचे पाट उभे ठेवायला लावला, त्यात आठ महिन्यांत काहीही बदलावं लागलं नाही.

बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या उघड्या ड्रॉवरमध्ये टाकून उपयोग नाही, थोड्याच दिवसांत त्या भरून जातात. घट्ट झाकणाच्या बरणीत, बिया किंवा छोट्या बॅटऱ्यांसोबत त्यांचं काम दिसतं. लहान मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका.

लेबलांसाठी कागदी चिकटपट्टी आणि जाड पेन पुरेसं आहे. लेबल झाकणावर लावू नका, अंगावर लावा, कारण झाकणं अदलाबदल होतात. पट्टी चार-पाच महिन्यांनी बदलावी, त्याहून जास्त राहिली की काचेवर चिकट थर उरतो. तो काढायला थोडं खाद्यतेल चोळून दहा मिनिटं थांबा, मग साबणाने धुवा. भिंतीवर दुहेरी चिकटपट्टीने लावलेल्या चार डब्यांपैकी तीन पडले. रंगाचा पापुद्राच पट्टीसोबत निघून आला. उरलेला एक गुळगुळीत फरशीवर आहे. तिथे पट्टी लावायच्या आधी फरशी स्पिरिटने पुसली होती आणि चोवीस तास वजन टाकलं नव्हतं. तो अजून जागेवर आहे, त्यात फक्त दोन कात्र्या आणि एक कंगवा असतो.